जळगावच्या उन्हात रेड वाईन मुरत नाही, बिघडते

भाऊ, नाशिकहून आणलेली रेड वाईन लेकीच्या लग्नापर्यंत पाच वर्षं कपाटात मुरवायची आणि वडिलांना हृदयासाठी रोज अर्धा ग्लास द्यायचा, असे दोन बेत तुम्ही लिहिलेत. दोन्ही सोडा.

आधी वडिलांचं. 'वाईन म्हणजे दारू नाही' हे वाक्य २०२२ साली सुपरमार्केटातल्या विक्रीच्या वादात इतक्यांदा ऐकू आलं की पुष्कळांना ते खरंच वाटायला लागलं. वाईनमध्ये साधारण १२ ते १४ टक्के अल्कोहोल असतं, म्हणजे साध्या बिअरच्या दुपटीहून जास्त. ७५० मिलीची बाटली संपवली, तर व्हिस्कीचे जवळपास चार मोठे पेग पोटात गेले. फरक इतकाच की वाईन नुसती आंबवतात. सातपुड्यातली मोहाची दारू आंबवल्यावर भट्टीवर चढवून तिची वाफ धरतात, म्हणून ती जास्त कडक. वाईन हृदयाला चांगली, ही गोष्ट १९९० च्या दशकात फ्रेंच लोकांच्या आहारावरून गाजली. द्राक्षाच्या सालीतल्या रेस्व्हेराट्रॉल नावाच्या घटकाला श्रेय मिळालं, पण ग्लासभर वाईनमध्ये ते औषध म्हणता येईल इतकं नसतंच. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये साफ सांगितलंय, दारूचं कुठलंच प्रमाण सुरक्षित नाही. आणि वडिलांना रक्त पातळ करायची गोळी चालू असेल, तर हा प्रयोग धोक्याचाच आहे.

आता बाटली. जितकी जुनी तितकी चांगली, हे फार थोड्या वाईनला लागू पडतं. त्याही १२-१४ अंशांच्या थंड तळघरात आडव्या ठेवलेल्या असतात. दुकानातल्या बहुतेक वाईन दोन-तीन वर्षांत पिण्यासाठीच बनवतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ वर. बंद कपाटातही वाईन तापून फुगते, बूच वर सरकतं, हवा शिरते आणि फळाची सगळी चव शिजून जाते. एकच उन्हाळा पुरेसा आहे, पाच वर्षं लांबच. बाटली फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा आणि या वर्षीच उघडा.

रेड वाईन 'रूम टेंपरेचर'ला प्यावी म्हणतात, ती रूम युरोपातली, १६ ते १८ अंशांची. भुसावळच्या खोलीत नुसती अल्कोहोलची झळ लागेल. फ्रीजमधून काढून पंधरा-वीस मिनिटांत ग्लासात ओता. बुचाऐवजी फिरकीचं झाकण असलं तरी हलकी समजू नका. न्यूझीलंड-ऑस्ट्रेलियात उत्तम वाईनलाही तेच असतं.

मटणासोबत रेडच, हाही नियम आपल्या काळ्या मसाल्यापुढे टिकत नाही. रेडमधल्या तुरट टॅनिनने आणि अल्कोहोलने तिखट आणखी झोंबतं. शेवभाजी किंवा तिखट रश्शाबरोबर गार, किंचित गोडसर शेनिन ब्लांक ही व्हाईट वाईन घेऊन बघा. उरली तर बूच घट्ट लावून फ्रीजमध्ये ठेवा आणि तीन-चार दिवसांत संपवा.