घरात होमिओपॅथीच्या गोळ्या ठेवाव्यात का?

सर्दी, मुका मार, पोट बिघडणं अशा किरकोळ दुखण्यांवर डॉक्टरांना न विचारता या गोळ्या द्याव्यात का, असं तुम्ही विचारलंय. आमच्या सांगलीत बऱ्याच घरांत ती छोटी बाटली असतेच. पोर पडलं की अर्निका ३०, साबुदाण्याएवढ्या चार गोळ्या जिभेवर. पण ३० म्हणजे शंभरास एक असं तीस वेळा पातळ केलेलं. मूळ औषधाचा एक कणही त्यात उरणं जवळपास अशक्य. २०१५ साली ऑस्ट्रेलियाच्या आरोग्य संशोधन परिषदेनेही अभ्यास तपासून होमिओपॅथी गुणकारी असल्याचा खात्रीलायक पुरावा नसल्याचंच सांगितलं. मुका मार तसाही आपोआप उतरतो. गोळ्या दिल्यात तरी फडक्यात गुंडाळून बर्फ लावाच.

मदर टिंक्चरमध्ये, म्हणजे पातळ न केलेल्या मूळ अर्कात, मात्र अल्कोहोल असतं, ते मुलांना परस्पर देऊ नका.

मला खरी काळजी वाटते ती वाया जाणाऱ्या वेळेची. कृष्णेला पूर आला की पाणी गढूळतं, जुलाब सुरू होतात. तेव्हा गोळ्यांवर विसंबू नका. ओआरएस घोटघोट पाजत राहा, तान्ह्याचं अंगावरचं दूध चालू ठेवा. डोळे खोल गेले, लघवी कमी झाली, पोर मलूल पडलं तर थेट सिव्हिल गाठा. ताप दोन-तीन दिवस हटत नसेल तर डॉक्टरांना दाखवून रक्त तपासून घ्या, डेंगी असू शकतो.