पेंडुलमचा संथ सिग्नल बघायला काय घ्यावं?

प्रश्न: मी घरी आडव्या पेंडुलमचा भूकंपमापक बनवलाय, कॉइल-मॅग्नेटवाला, एक झोका साधारण १५ सेकंदांचा. पण माझ्या जुन्या डिजिटल स्कोपवर (ऑसिलोस्कोप, सिग्नलचा आलेख दाखवणारं यंत्र) लाइन जवळपास सपाटच राहते. २० हजारांत नवा स्कोप घेऊ की स्पेक्ट्रम अॅनालायझर? – एक वाचक, कराड

उत्तर: दोन्ही नको. स्पेक्ट्रम अॅनालायझर (सिग्नलमध्ये कोणत्या फ्रिक्वेन्सी आहेत ते दाखवणारं यंत्र) बहुतेक ९ किलोहर्ट्झच्या पुढचं बघतात आणि तुमचा सिग्नल एका हर्ट्झच्याही कितीतरी खाली आहे. स्कोप आधी तपासा. १.५ व्होल्टचा साधा सेल प्रोबला लावा, लाइन टुणकन उडी मारून परत शून्यावर आली तर चॅनल एसी कपलिंगवर आहे, म्हणजे आतला कपॅसिटर तुमचा सगळा सिग्नल गिळतोय. डीसी कपलिंग करा, रोल मोड (आलेख संथपणे सरकत राहतो तो) लावा, लाइन वरच थांबायला हवी. (साउंड कार्डचंही हेच दुखणं, ते यात कामाचं नाही.)

तरीही स्कोप ८ बिटचा, म्हणजे २५६ पायऱ्या, बारीक हालचाल त्यात हरवते. त्यापेक्षा एडीएस१११५ चं (व्होल्टेज मोजून आकडे देणाऱ्या चिपचं) छोटं मॉड्यूल घ्या, १६ बिटचं, त्याच्या आधी ओपी०७ या चिपचा अॅम्प्लिफायर, आणि रीडिंग थेट कॉम्प्युटरवर लॉग करा. उरलेले पैसे चांगल्या शिल्डेड वायरवर घाला.

आता सगळ्यात महत्त्वाचं. सेकंदाला १० च रीडिंग घेऊ नका, कारण घरातल्या विजेचा हम (५० हर्ट्झची गुणगुण) सगळीकडून शिरतो आणि आपली ग्रिड काही बरोबर ५० हर्ट्झवर बसून नसते, ती ४९.९५ ला आली की तुमच्या ग्राफवर २० सेकंदांची एक संथ, छान लाट उमटते जी मुळात नाहीच, आणि लांबच्या मोठ्या भूकंपाच्या पृष्ठभागावरच्या लहरी पण २० सेकंदांच्या आसपासच असतात, म्हणजे माणूस हमखास फसतो. १० किलोओम आणि १० मायक्रोफॅरॅडचा फिल्टर लावा (कपॅसिटर नॉन-पोलर), सेकंदाला २५० रीडिंग घ्या, सरासरी नंतर काढा.

कोयनेचे जवळचे छोटे धक्के मात्र भरभर हलतात, त्यांना ४.५ हर्ट्झचा जिओफोन (जमिनीची भरभर हालचाल टिपणारा सेन्सर) वेगळा लागेल.

पेंडुलमवर थर्माकोलचा खोका घाला, पंख्याच्या वाऱ्यानेही तो हलतो. मग रात्री तासभर लॉगिंग करा. समुद्राच्या लाटांनी जमीन सतत साधारण ५ ते ८ सेकंदांच्या तालात हलत असते, पावसाळ्यात अरबी समुद्र खवळला की जास्तच. तो ताल ग्राफवर दिसला की समजा तुमचं यंत्र खरोखर जमीन ऐकतंय.