सेकंड लाइफ या ऑनलाइन थ्रीडी जगात प्रौढांच्या पोनी रोलप्लेसाठी अवतार कसा तयार करायचा? बॉडी कोणती घेऊ, खर्च किती येईल?

महिनाभर नुसत्या बॉडीचे डेमो घालून पाहतोय आणि अजून ठरत नाही, असं तुम्ही लिहिलंय. खुरं, शेपूट, लगाम, गाडी हे नंतर बघू म्हणता. भाऊ, मी उलटं सांगतो. बॉडीचा नाद सोडा. पोनी, म्हणजे साज चढवून गाडी ओढणाऱ्या घोड्याची भूमिका करणारा अवतार, ओळखू येतो तो चालीवरून, आणि अंगावरचा साज ओढ कुठे घेतो त्यावरून. हे दोन जमलं की फुकटातली रूथ-टू किंवा रॉथ-टू बॉडीसुद्धा चालते. हे नाही जमलं तर पाच हजार लिंडेनची (लिंडेन म्हणजे तिथलं चलन) बॉडीही कापडाच्या दुकानातल्या पुतळ्यासारखी दिसते.

एवढं ठाम बोलायला कारण आहे. माझे आबाजी, म्हणजे आईचे वडील, पुलगाव स्टेशनवर टांगा चालवायचे. टांगा मोडीत गेला, घोडी गेली, पण साज अजून आमच्या गोठ्यात खुंटीला टांगलेला आहे. छातीपट्टा, तंग, दुमची, झापडं लावलेली मोरखी आणि लगाम. पोळ्याच्या आधी बैलांचा साज धुवायला निघाला की आबाजी हाही खाली काढत, फडक्यानं एरंडीचं तेल लावत आणि पुन्हा टांगून ठेवत. ओढणारं जनावरच उरलं नव्हतं, तरी तेल चुकलं नाही. लगामाच्या लोखंडी कडीला डाव्या टोकाशी नखभर खाच आहे. घोडी डावीकडे मान टाकायची, म्हणून वर्षानुवर्षं त्याच जागी लोखंड घासलं. लहानपणी मी त्या खाचेत अंगठा घालून बसायचो.

मी आर्वी तालुक्यातल्या एका खेड्यात मोटार रिवायंडिंगचं दुकान चालवतो. 2021 च्या पावसाळ्यात सेकंड लाइफमध्ये आलो आणि दोन-तीन महिन्यांत पोनी रोलप्लेपर्यंत पोचलो. मला ओढायला आवडतं. दिवसभर गिऱ्हाइकांचे फोन, लाइटचा लपंडाव, उधारी. रात्री तोंडात लगाम आला की बोलायचं काम संपतं, दुसऱ्याच्या हातानं वळायचं एवढंच उरतं. ज्यांना हे कळतं त्यांना कळतं.

पहिला साज मी सेकंड लाइफच्या मार्केटप्लेसवरून, म्हणजे ऑनलाइन दुकानातून, 850 लिंडेनला घेतला. घालून कॅमेरा जवळ नेला तर कडी ओठांच्या चार बोटं पुढे तरंगत होती आणि तोंड उघडलं की जागची हलत नव्हती. कारण साधं होतं. ती हनुवटीला जोडलेली होती. 2016 च्या डिसेंबरात अवतारच्या सांगाड्यात बेंटो नावाची जादा हाडं आली, तेव्हापासून जबड्याला जोडायची वेगळी जागा आहे. बेंटो डोकं असेल तर कडी जबड्यालाच जोडा, म्हणजे ती तोंडाबरोबर हलते. डोक्याची पट्टी कवटीला. शेपटीसाठी सहा हाडांची साखळी दिलेली आहे आणि प्रत्येक कानाला दोन हाडं आहेत. शेपूट घेताना ती याच हाडांवर बसवलेली आहे का ते विचारून घ्या. जुन्या पद्धतीची लवचिक शेपूट आपली आपण झुलते, चालीत तिची हालचाल ठरवता येत नाही.

पण मला डाचलं ते दुसरंच. त्या साजात गाडीचे दांडे मनगटाच्या कड्यांना अडकवलेले होते आणि सोबतच्या चालीत अवतार कमरेतून मागे रेललेला, छाती आभाळाकडे. मी तो साज आबाजींच्या साजाशेजारी ठेवून पाहिला, म्हणजे लॅपटॉप गोठ्यात नेऊन खरोखर शेजारी ठेवला. आबाजी म्हणायचे, "घोडा तोंडानं ओढत नाई बाप्पा, छातीनं ओढते. तोंड फक्त ऐकाले राह्यते." वजन छातीपट्ट्यावर, दांड्यांचा भार पाठीवरच्या गादीवर, लगाम सैल. माणसाच्या अंगाचा पोनी असेल तर दांडे कमरपट्ट्याला हवेत आणि अंग पुढे. मागे रेललेला अवतार गाडी ओढत नाही, गाडी त्याला ढकलते.

मग मी स्वतःच चाल करायला बसलो. ब्लेंडर हे थ्रीडीचं सॉफ्टवेअर फुकट आहे, शिकायला वेळ लागतो एवढंच. कंबरेतून बारा अंश पुढे झुकाव, गुडघा वर येताना क्षणभर थांबतो, खूर खाली येताना मान किंचित खाली जाते. शेपटीची हाडं कंबरेमागून तीन-चार फ्रेम उशिरा हलवली. त्या उशिरामुळेच शेपूट जिवंत वाटते. प्रत्येक अपलोडला दहा लिंडेन पडतात, पण चाचणीच्या ग्रिडवर, म्हणजे सेकंड लाइफच्या वेगळ्या चाचणी-जगात, खोटे लिंडेन मिळतात. तिथे चाळीसेक वेळा चाल चढवून पाहिली आणि शेवटची तेवढी खऱ्या ग्रिडवर आणली. प्राधान्य चार ठेवा, नाहीतर दुसरी एखादी चाल हात आपल्याकडे ओढून घेते.

साजाचं चामडं मी खुंटीवरच्या साजाचे दुपारच्या उजेडात फोटो काढून केलं, 1024 पिक्सेलच्या टेक्स्चरवर, म्हणजे वस्तूवर चढवायच्या चित्रावर. छातीपट्ट्याच्या जोडावर मेण लावलेल्या दोऱ्याचे पाच टाके आहेत, त्यातला चौथा तिरपा. तो तिरपाच ठेवला. कडीच्या डाव्या टोकाची खाचही ठेवली. वर पोळ्याचे गोंडे, लाल आणि पिवळे, आणि गळ्यात घुंगरमाळ. घुंगरांचा आवाज आमच्याच बैलाचा रेकॉर्ड केलेला.

त्याच साजात सेकंड लाइफमधल्या एका तबेल्यातल्या प्रदर्शनाला गेलो. तिथल्या घड्याळाने (अमेरिकेची पॅसिफिक वेळ) शनिवारी संध्याकाळी सातला होतं, म्हणजे उन्हाळ्यात आपल्याकडे रविवार सकाळचे साडेसात. तबेला चालवणारा मराठीच निघाला, मोठ्या शहरातला. ओळीत उभा राहिलो तर त्यानं सगळ्यांसमोर लिहिलं, "हा काय बैल होऊन आला? हे गावठी काढ आणि मग ये. आणि कडी तुटकी आहे, मॉडेल नीट कर." इतरांना काही कळलं नाही, कारण त्यानं ते मराठीत लिहिलं. मला मात्र बरोबर लागावं म्हणूनच मराठीत लिहिलं होतं.

त्याचं एक खरं होतं, ते मान्य करतो. माझे साठ गोंडे साठ वेगळे तुकडे होते, प्रत्येकाचे धागे वेगळे. अवतारचा कॉम्प्लेक्सिटीचा आकडा, म्हणजे तो दाखवताना इतरांच्या कॉम्प्युटरवर पडणारा भार, दोन लाखांच्या वर गेला होता. ज्यांनी आपल्या व्ह्यूअरमध्ये (सेकंड लाइफ चालवायच्या सॉफ्टवेअरमध्ये) मर्यादा कमी ठेवली होती त्यांना मी नुसता एकरंगी बाहुला दिसत होतो. साज त्यांना दिसलाच नाही. नंतर सगळे गोंडे एकाच सलग थ्रीडी आकारात जोडले, धागे टेक्स्चरवर काढले, आकडा पस्तीस हजारांवर आणला. तुम्हीही हे पहिल्या दिवसापासून बघा. अंगावर जास्तीत जास्त 38 वस्तू जोडता येतात, पण त्याच्या कितीतरी आधी लोकांचे कॉम्प्युटर दमतात. आणि आयाळ घेताना अल्फा मास्किंगची घ्या, म्हणजे जिचा प्रत्येक ठिपका एकतर पूर्ण दिसतो किंवा अजिबात नाही. अर्धपारदर्शक ब्लेंडिंगची असली तर तिच्यामागची दुसरी पारदर्शक वस्तू, म्हणजे झूल किंवा गोंडे, मधूनच गायब होते.

पण गावठीचं काय? त्याच्या तबेल्यातल्या पोन्यांच्या डोक्यावर उंच पिसांचे तुरे होते. ते चालतात, कारण ते युरोपच्या बग्गीचे. आमच्या बैलाच्या शिंगाचा गोंडा चालत नाही. हे कुठल्या नियमात लिहिलंय? हा खेळ ओढणाऱ्या जनावराचा आहे आणि ओढणारं जनावर काय असतं हे आम्ही पाहत मोठे झालो. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे तुपाहळदीनं चोळून शेकतात आणि त्याच्या कानात सांगतात, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." वर्षभर जिथे जू टेकलं त्या जागेला हात लावून हे आमंत्रण असतं. पोनी सांभाळणाऱ्यानं गाडी सोडल्यावर पोनीचे खांदे चोळावेत, पाणी दाखवावं, हे मी तिथूनच घेतलं. माझ्याबरोबर खेळणाऱ्या जर्मन बाईंना मी सांगितलं, तेव्हापासून त्या एकदाही चुकल्या नाहीत.

चाबकाचंही तेच. त्या माणसाचा चाबूक दर दहा पावलांना. आबाजींचा चाबूक टांग्याच्या दांड्यावर वाजायचा, घोडीच्या अंगावर नाही. आमच्याकडचे शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, 2014 ला बंद पडले आणि 2021 च्या डिसेंबरात पुन्हा सुरू झाले, ते बैलावर काठी-चाबूक उगारायचा नाही या अटीसह. खऱ्या बैलाला जे मिळालं ते खेळातल्या पोनीला मागितलं तर मी नाजूक ठरलो. ज्याला मार हवा आहे त्यानं तो ठरवून घ्यावा, माझी हरकत नाही. न विचारता दिलेला मार हा खेळ नाही.

गाडीबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण तिथेच सगळे अडतात. अंगाला जोडलेल्या वस्तूवर दुसऱ्याला बसता येत नाही, म्हणून बऱ्याच गाड्यांत पोनीसुद्धा गाडीवर ‘बसतो’ आणि गाडीतली चाल त्याच्या अंगावर लागते. तेव्हा तुमच्या एओमधलं (अवतारची नेहमीची चाल-बैठक बदलणाऱ्या साधनातलं) बसण्याचं काम बंद करा, नाहीतर दांड्यांमध्ये मांडी घातलेला पोनी दिसेल. गाडी घेताना मॉडिफायची, म्हणजे बदल करायची, परवानगी असलेलीच घ्या, म्हणजे तिच्यातली चाल काढून स्वतःची घालता येते. माझी गाडी तशीच आहे. शिवाय प्रत्येक प्रदेश 256 मीटरचा चौकोन असतो. त्याची सीमा ओलांडताना गाडी झटका खाते, त्या जागी पळू नका.

आता काही गोष्टी ज्या आधी लिहायला हव्या होत्या. खात्यावरचं वय अठराच्या वर हवं, त्याशिवाय अॅडल्ट प्रदेशात जाता येत नाही, आणि अवतारही स्पष्टपणे प्रौढ दिसला पाहिजे. लहानखुरा, बाळबोध चेहऱ्याचा पोनी करून तिथे जाऊ नका, खातं जातं आणि जायलाच हवं. आरएलव्ही, म्हणजे आपल्या अवतारचा ताबा काही बाबतींत दुसऱ्याला देणारी व्ह्यूअरमधली सोय, चालू केलं की समोरचा तुमचा साज कुलूपबंद करू शकतो, तुमचं बोलणं बंद करू शकतो. उघड बोलणं बंद करू द्या, पण खाजगी संदेश बंद करायची मुभा कुणालाच देऊ नका. ते दोन वेगळे निर्बंध आहेत. फायरस्टॉर्म या व्ह्यूअरमध्ये आरएलव्ही बंद करून पुन्हा लॉगिन केलं की कुलूप उरत नाही, हे पहिल्याच दिवशी करून बघा. तोंडात कडी असताना थांबायची खूण आधी ठरवा. माझी खूण तीन वेळा डावा खूर आपटणं, आणि तरी नाही कळलं तर दुहेरी कंसात साधं वाक्य, म्हणजे खेळाबाहेरचं बोलणं. खरं नाव, गाव, फोन, फोटो कुणाला देऊ नका. लग्न झालं असेल तर घरी सांगा. माझ्या बायकोला माहीत आहे. साजाच्या फोटोंसाठी पडदा तिनेच धरला होता.

सगळं माणसाच्या अंगाच्या पोनीबद्दल बोललो. चार पायांचा पूर्ण घोडा हवा असेल तर मागच्या पायांची हाडं बेंटोमध्ये वेगळी आहेत, पण त्यात मी काम केलेलं नाही, त्यामुळे सल्ला देत नाही.

खर्च. एका डॉलरला साधारण अडीचशे लिंडेन धरा, म्हणजे हजार लिंडेन साडेतीनशे रुपयांच्या आसपास. माझे बॉडी सोडून आजवर तीन हजार लिंडेन गेले, त्यातले 850 त्या पहिल्या साजाचे, तो आता वापरत नाही. चाल स्वतः केलीत तर खुरं, शेपूट, आयाळ आणि गाडी एवढंच विकत घ्यावं लागेल. प्रत्येकाचा डेमो आधी, आणि डेमो घालून उभं राहू नका, चालून बघा, वळून बघा, मागून कॅमेरा लावून बघा.

तो तबेलेवाला पुढच्या हंगामात मला म्हणाला, चाल विकत देतोस का. चाल दिली नाही. आधी गोंडे घालून उभा राहू दे म्हटलं, त्यावर त्याचं उत्तर आलेलं नाही.