दांडेली सोडून उत्तर कन्नडचं जंगल बघायचं असेल तर कुठून सुरुवात करावी?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: गोकर्ण-मुरुडेश्वर झालंय, आता उत्तर कन्नड जिल्ह्याचा आतला, जंगलाचा भाग बघायचा आहे. हाताशी पाच दिवस, पुण्याहून स्वतःची गाडी, बरोबर गुडघेदुखी असलेली आई. आणि दांडेलीशिवाय तिथे काही आहे का?

भरपूर आहे. मी बेळगावचा. बँकेच्या बदल्यांमुळे आधी यल्लापूरला आणि मग शिरसीला बिऱ्हाड केलं, त्यामुळे हा मुलूख पर्यटक म्हणून कमी आणि भाजी आणायला, लग्नाकार्याला, वसुलीला फिरताना जास्त पाहिला. तेव्हा उत्तर जरा एकतर्फी असेल.

आधी नकाशा डोक्यात बसवा. जिल्हा मोठा आहे, १० हजार चौरस किलोमीटरांवर, आणि २०११ च्या जनगणनेत वस्ती साडेचौदा लाखांच्या आतच. त्यातलीही बरीच किनाऱ्यावर. कारवार, अंकोला, कुमठा, होन्नावर, भटकळ ही किनारपट्टी तुम्ही पाहिली. तिच्यामागे सह्याद्री उभा आहे आणि त्याच्या माथ्यावर जोयडा, यल्लापूर, शिरसी, सिद्धापूर हे तालुके. त्याही पलीकडे पूर्वेला मुंडगोड-हळियाळ. तिथे पाऊस एकदम उतरतो, साग आणि भातशेती सुरू होते, धारवाडची हवा लागते. तुम्हाला हवंय ते मधल्या पट्ट्यात.

१९५६ पर्यंत हा जिल्हा मुंबई राज्यात होता. जुनी माणसं अजून ‘कारवार जिल्हा’ म्हणतात. हळियाळ, जोयडा, रामनगर भागात मराठी-कोकणी सर्रास चालते. शिरसी-सिद्धापूरकडे मात्र कन्नडच. हिंदीवर निभावतं, पण चार कन्नड शब्द शिकून गेलात तर घराघरांत वागणूक बदलते.

दांडेलीबद्दल माझं मत स्पष्ट सांगतो. गाव कागद गिरणीचं आहे, नदीकाठ रिसॉर्टांचा आहे आणि शनिवार-रविवारी तिथे जंगलापेक्षा डीजे जास्त ऐकू येतो. पक्षी बघणाऱ्यांनी मात्र टाळू नये. वनखात्याच्या लाकूड डेपोत आणि गणेशगुडीच्या ओल्ड मॅगझिन हाऊसला धनेश, कस्तूर, बुलबुल इतक्या जवळून दिसतात की आईलाही खुर्चीत बसून मजा येईल. काळी व्याघ्र प्रकल्पात सफारी आहे, पण वाघ दिसेल या आशेने जाऊ नका. हे ताडोबासारखं उघडं जंगल नव्हे, रस्त्यापासून दहा पावलांवर काय उभं आहे ते कळत नाही. गवे दिसतील, नशीब असेल तर काळा बिबट्या.

मी तुमच्या जागी असतो तर दोन रात्री जोयडा तालुक्यात आणि उरलेल्या शिरसीच्या आसपास, एखाद्या सुपारीच्या बागेतल्या घरी काढल्या असत्या. का, ते सांगतो.

इथलं जंगल माणसांनी वापरलेलं आहे. शिरसी-सिद्धापूरकडे दोन टेकड्यांच्या मधल्या खोलगट, ओलसर जागेत सुपारीची बाग असते. सुपारीवर मिरीचे वेल चढवलेले, खाली वेलदोडा, मधूनमधून केळी. बागेच्या डोक्यावरच्या उतारावर जंगल, त्याला ‘बेट्ट’ म्हणतात. मालकी सरकारची, पण पालापाचोळा आणि हिरव्या डहाळ्या तोडून आणायचा हक्क बागवाल्याचा, आणि तो मुंबई इलाख्याच्या काळापासून चालत आलेला. डहाळ्या गोठ्यात जातात, शेणात मिसळतात आणि खत होऊन बागेत उतरतात. रस्त्याने जाताना काही झाडं खांबासारखी सरळ आणि डोक्यावर पानांचा झुबका एवढीच दिसतील. ती वीज पडून तशी झालेली नाहीत, दर साली छाटलेली आहेत. बागेला पाणीही वरच्या जंगलातल्या झऱ्याचंच. म्हणजे वरचं जंगल गेलं की खालची बाग दोन-चार उन्हाळ्यांत गेलीच.

हे कळलं की १९८३ च्या सप्टेंबरात सालकणी गावची माणसं कळसे जंगलात जाऊन झाडांना मिठ्या मारून का उभी राहिली तेही कळतं. ठेकेदारांची तोड त्यांनी तशी थांबवली. पांडुरंग हेगडे यांनी पुढे नेलेली ती अप्पिको चळवळ. हिमालयातल्या चिपकोपासून प्रेरणा घेतलेली, पण कारण अगदी घरचं, बागेचं पाणी. म्हणून म्हणतो, रिसॉर्टमध्ये राहून हे जंगल नुसतं हिरवं दिसतं. बागेतल्या घरी दोन दिवस काढले, सकाळी मालकाबरोबर पाटाच्या कडेने वरपर्यंत चालून आलात, की ते वाचता येतं.

जेवणाचं तर बोलायलाच नको. ही घरं बहुतेक हव्यक ब्राह्मणांची, त्यामुळे शाकाहारी, बऱ्याचदा कांदा-लसूणही नाही. पण तंबळी एकदा खाल्लीत की तक्रार राहणार नाही: ब्राह्मीची नाहीतर आणखी कसली कोवळी पानं खोबऱ्याबरोबर वाटायची, ताकात कालवायची आणि थंडच भातावर घ्यायची. पन्नास-साठ प्रकारच्या पाल्याची तंबळी करतील, घरामागून कोण काय तोडून आणतं त्यावर अवलंबून. अप्पेहुळी म्हणजे कैरीचं पातळ आंबट पाणी, जेवणाच्या शेवटी वाटीने प्यायचं. फणसाच्या दिवसांत पानात उकडलेले कडबू. उसाचं गुऱ्हाळ चालू असेल तर तोडदेव करायला सांगा: मडकं चुलीवर पालथं घालतात, तापलं की तांदळाचं पीठ आणि उसाचा रस यांचं पातळ सरसरीत मिश्रण कापड गुंडाळलेल्या काठीने त्यावरून फिरवतात, आणि क्षणात कागदासारखा पापुद्रा सुटून येतो. वर तूप. बघत बसण्यासारखं काम आहे. मासे-मटण हवं असेल तर शिरसी बाजारातली हॉटेलं आहेत. यजमानांकडे मागू नका.

आता धबधबे, कारण विचाराल तेच. इथल्या चार नद्यांचं नशीब वेगवेगळं आहे आणि कधी काय दिसेल ते त्यावर ठरतं. काळीवर धरणांची माळच आहे. सूपा धरणाने तर जुनं सूपा गाव बुडवलं आणि तालुक्याचं ठाणं जोयड्याला आलं. गणेशगुडीचं राफ्टिंग सूप्यातून वीजनिर्मितीसाठी पाणी सोडतात त्या हिशेबाने चालतं, आकाशात ढग आहेत की नाहीत याचा तिथे संबंध नाही. शरावतीवरचा जोग तसा शेजारच्या शिमोगा जिल्ह्यात, पण सिद्धापूरहून अगदी जवळ. तोही लिंगनमक्की धरणाच्या मर्जीवर. भर पावसाळ्यात थरारक आणि फेब्रुवारीत चार बारीक धारा. बेडती आणि अघनाशिनी या दोघी अजून मोकळ्या आहेत. बेडतीवर वीजप्रकल्प यायचा होता. खोऱ्यातल्या बागायतदारांनी अभ्यास करकरून विरोध केला आणि तो बारगळला. म्हणून यल्लापूरजवळचा मागोड आणि सिद्धापूरकडचा उंचळ्ळी हे पावसाच्या पाण्याचे खरे धबधबे आहेत, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सगळ्यात देखणे. तेव्हा पाणी भरपूर असतं आणि धुकं विरळ झालेलं असतं. जुलैत गेलात तर समोर पांढरा पडदा आणि नुसता आवाज, असंही होतं.

आईंच्या गुडघ्यांसाठी: मागोडला गाडी जवळपर्यंत जाते, दरी समोरच उघडते, तिथूनच जवळ जेनुकल्लू गुड्ड्यावरून सूर्यास्तही बघता येतो. उंचळ्ळी ११६ मीटर उंच आहे. वरच्या सज्जातून अर्धा आनंद मिळतो, खालच्या पायऱ्या तुम्ही उतरा, त्यांना उतरवू नका. सातोडीच्या धबधब्याला शेवटचा तुकडा चालावा लागतो, वाट सपाट आहे पण दगडगोटे आहेत. याणाचे काळे कभिन्न चुनखडीचे सुळके मात्र सोडू नका. भैरवेश्वर शिखर १२० मीटरचं, झाडीतून अचानक अंगावर येतं. गाडीतळापासून थोडं चालून पायऱ्या लागतात. आई देवळापर्यंत आल्या तरी पुरे, सुळक्याच्या पोटातून फिरणं तुम्ही करा. सकाळी आठच्या आत पोहोचा, दुपारी सहलींच्या बसगाड्या येतात.

बनवासीला एक अख्खी सकाळ द्या. कदंबांची राजधानी, वरदा नदीच्या वळणावर वसलेली, आणि मधुकेश्वराचं देऊळ सपाट जमिनीवर, एकही चढ नाही. सहस्रलिंगाला शाल्मलेच्या पात्रातल्या खडकांवर शेकडो शिवलिंगं कोरलेली आहेत, शिरसीजवळच्या सोंद्याच्या राजांच्या काळातली. नदी भरली की ती पाण्याखाली जातात, म्हणून तिथे डिसेंबरनंतर. महाशिवरात्रीला अजिबात नको. सोंद्याला वादिराजांचा मठ, जैन मठ आणि किल्ल्याचे अवशेष एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर आहेत. शिरसीतली मारिकांबेची जत्रा एक साल आड, फाल्गुनाच्या सुमारास भरते. तेव्हा गावात खोली मिळत नाही. जत्रा नसलेल्या साली होळीला रात्रभर बेडर वेष निघतो, पाठीवर मोरपिसं आणि हातात ढाल-तलवार घेऊन नाचणारा. त्यासाठी मुद्दाम या.

जोयड्यात काय करायचं? फारसं काही नाही, आणि तेच बरं. उळवीला लिंगायत संत चन्नबसवण्णांची समाधी आहे, तिथवरचा रस्ताच बघण्यासारखा. कुणबी घरांत उतरायची सोय होते. त्यांच्या परसातले कंद इतक्या जातींचे असतात की दरवर्षी कंदांचा मेळावा भरतो. फोनला रेंज बऱ्याच ठिकाणी नसते, पैसे रोख ठेवा, पेट्रोल दांडेली-रामनगरलाच भरून घ्या.

रस्त्यात तुम्हाला सिद्दी माणसं भेटतील, यल्लापूर-हळियाळ-मुंडगोडच्या जंगलात राहणारी. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणले गेले, बरेचसे गोव्याच्या पोर्तुगीजांकडून पळून या रानात शिरले. ती कोकणी बोलतात, शेतीभाती करतात, शाळेत शिकवतात. गाडी थांबवून फोटो काढू नका, एवढंच. तुमच्या कानाला सुखद धक्का द्यायचं काम गवळी धनगर करतील. सातारा-कोल्हापूरकडून पिढ्यांमागे म्हशी घेऊन आलेली ही मंडळी अजून घरात मराठीच बोलतात. यल्लापूर-मुंडगोड रस्त्यावर एखादा गवळीवाडा दिसला आणि ताक मागितलंत, तर गप्पांत तासभर कसा जातो कळत नाही.

परतीला मुंडगोडवरून हुबळी गाठा. मुंडगोडला १९६६ पासूनची तिबेटी वसाहत आहे, गदेन आणि द्रेपुंग हे मोठे मठ तिथेच. प्रार्थनेच्या वेळी हजार भिक्षू एका सुरात म्हणतात ते ऐकून, मोमो खाऊन पुढे निघालात तर संध्याकाळी बेळगावात आणि रात्री उशिरा पुण्यात. त्यापेक्षा बेळगावात मुक्काम करा, घाटात शिणून गाडी हाकू नका.

जाताना बेळगाव-खानापूर-नंदगड-हळियाळ या रस्त्याने या. जून ते सप्टेंबर घाटरस्त्यांची चौकशी करूनच निघा. २०२४ च्या जुलैत अंकोल्याजवळ शिरूरला दरड कोसळून माणसं गेली होती. पावसात जळवा असतात, मीठ-तंबाखूची पुरचुंडी जवळ ठेवा. आणि साधारण जानेवारी ते मे सिद्धापूर भागात माकडतापाचे रुग्ण निघतात, आपल्या दोडामार्ग-सावंतवाडीकडे झाला तोच. तो गोचिडींमुळे होतो. मेलेलं माकड दिसलं तर लांब राहा, पालापाचोळ्यात बसू नका, अंगभर कपडे घाला, आणि परत आल्यावर ताप आला तर डॉक्टरांना कुठे गेला होतात ते आधी सांगा.

आणखी एक, कर्नाटकात सरकारी बसने बायकांना फुकट प्रवास आहे तो तिथल्याच रहिवाशांना. आईंनी आधार कार्ड दाखवलं तरी तिकीट लागेलच.

खरेदी करायचीच तर शिरसीत बागायतदारांच्या सहकारी सोसायटीच्या दुकानातून मिरी, वेलदोडे, कोकम आणि अप्पेमिडीचं लोणचं घ्या. बोटभर लांबीच्या कोवळ्या कैऱ्या अख्ख्या मुरवलेल्या असतात, बरणी नीट बांधून घ्या, खाराचं पाणी गाडीत सांडलं तर वास महिनाभर जात नाही.