सकाळचं चैतन्य अकरापर्यंतच का टिकतं?

प्रिय मावशी,
मी गंगाखेड तालुक्यातल्या एका गावात राहते. वय ३९. डी.एड. झालंय, पण नोकरी लागली नाही. मालकांचं कृषी सेवा केंद्र आहे. मुलगा लातूरला क्लासला, मुलगी नांदेडला होस्टेलवर. दिवसभर घरात सासूबाई आणि मी. तसं कमी काही नाही, पण काहीच करू वाटंना. सकाळी उठून मोबाईलवर सुविचार वाचते, एखादं भाषण नाहीतर कीर्तन ऐकते. तेवढ्यापुरतं चैतन्य येतं, अकरा वाजेपर्यंत सगळं विरून जातं. सासूबाईंसोबत हरिपाठाला जाते, मागं बसते, मन लागत नाही. लग्नाआधी आजीच्या जात्यावरच्या ओव्या एका वहीत उतरवून घेतल्या होत्या. ती वही ट्रंकेत आहे, पण काढू वाटत नाही. सोबतच्या मैत्रिणी आज झेडपीच्या शाळेत बाई आहेत. माझ्या नावावर काय आहे? रोजच्या जगण्याला प्रेरणा आणू तरी कुठून?
– एक वाचक

लेकी,
तुझं पत्र दोनदा वाचलं. त्यात मला एक गोष्ट कुठेच सापडली नाही: दिवसभरात तुझी वाट पाहणारं कुणी. घरचे जेवणाची वाट पाहत असतील, पण ती भाकरीची झाली. आज ही आली नाही तर आपलं अडेल, असं म्हणणारं माणूस तुझ्या दिवसात उरलेलं नाही. मुलं होती तोवर होतं. ती शिकायला बाहेर पडली आणि घर एकदम रिकामं झालं. प्रेरणा आटली असं तू म्हणतेस. मला वाटतं, तुझी गरज असलेली जागाच गेली आहे.

मोबाईलवरची भाषणं वाईट नसतात, त्यांनी धीर मिळतो. पण ती ऐकताना तुझ्याकडून कुणाला काहीच नको असतं. ऐकलेलं वापरायला समोर काही नसेल तर ते अकरापर्यंत टिकलं हेच खूप झालं.

आता तुझ्या गावाकडे बघ. तुमच्या भागातली किती घरं दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला निघतात, हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत. कोयता घेऊन जोडपं कारखान्याकडे जातं ते मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाही. काही मुलं सोबत जातात आणि त्यांची निम्मी शाळा बुडते. काही आजीजवळ मागं राहतात. शाळेत जातात, पण संध्याकाळी पुस्तक उघडून जवळ बसणारं घरात कुणी नसतं. तिसरीतल्या पोराला 'पाऊस' वाचता येतं, 'प्रश्न' आला की ते थांबतं आणि तुझ्या तोंडाकडे बघतं. डी.एड.मध्ये हेच तर शिकलीस ना तू? ते जोडाक्षर कसं फोडायचं, आधी 'प्' मग 'र' कसं ऐकवायचं, बोट कुठे ठेवायला लावायचं, हे तुझ्या गल्लीत तुझ्याइतकं कुणाला येतं?

म्हणून माझं सांगणं एवढंच आहे, आणि ते या सोमवारपासून कर. तुझ्या ओट्यावर संध्याकाळी पाच वाजता तीन मुलं बोलव. तीनच. जास्त बोलावलीस तर शिकवणी होईल, मग फीचं विचारतील, मालकही विचारतील. पाऊण तास त्यांच्याकडून मोठ्यानं वाचून घे. पहिले काही दिवस तुलाच उठू वाटणार नाही. तरी बस. पुढच्या आठवड्यात पोरं पावणेपाचलाच दारात येऊन उभी राहतील. त्यांच्यासाठी उठावंच लागेल, आणि मला तुझ्याकडून तेवढंच हवं आहे.

मैत्रिणी झेडपीत लागल्या, तू राहिलीस. हे दुःख खरं आहे, त्याला मी खोटं म्हणणार नाही. शिक्षकभरती वर्षानुवर्षं ठप्प होती. डी.एड. झालेली किती पोरं-पोरी मराठवाड्यात वाट बघत वयानं पुढं गेली! त्यात तुझा दोष नाही. पण नेमणुकीचा कागद आला नाही म्हणून शिकवणं गेलं असं धरू नकोस.

या मुलांना सांभाळणाऱ्या आज्या आहेत ना, त्यांच्याकडे तुझी वही घेऊन जा. जात्यावर बहुधा दोघी बसायच्या. एकीनं ओवी सुरू करायची, दुसरीनं पुढं न्यायची. तुझ्या वहीतली एक ओळ म्हण आणि गप्प बस, पुढची ओळ त्यांच्या तोंडून येईल. घरोघरी गिरणीचं पीठ आल्यावर या ओव्या म्हणायला निमित्तच उरलं नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटेविन या अभ्यासकांनी महाराष्ट्रातल्या बायकांकडून अशा लाखावर ओव्या गोळा केल्या. त्यात तुझ्या शेजारच्या माजलगावच्या भीमनगरातल्या बायकांनी बाबासाहेबांवर गायलेल्या ओव्याही आहेत. तुझ्या वहीत तुझी आजी आहे. त्या ओव्या कला आहेत, अभ्यासही आहेत. आता त्या वहीत तुझ्या गल्लीची भर घाल. कुणी कोणती ओवी सांगितली, ते नाव न विसरता खाली लिही.

हरिपाठाचं म्हणशील तर मागं बसू नकोस. पुढं जा आणि टाळ हातात घे. सत्तावीस अभंग नुसते ऐकताना मन शेजारच्या घरी जाऊन येतं. टाळ हातात असला की पुढचा ठेका चुकवता येत नाही, सगळ्यांना कळतं. जनाबाई तुझ्याच गंगाखेडची. तिच्या अभंगांतला विठ्ठल तिच्यासोबत दळायला बसतो. मला ते फार खरं वाटतं. एवढी मोठी भक्ती, पण तिनं देवाकडे काय मागितलं असेल तर कामात सोबत.

यशाच्या भाषणांत तू धावपटू अविनाश साबळेचं नाव नक्की ऐकलं असशील. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातलं मांडवा त्याचं गाव, आईवडील वीटभट्टीवर राबणारे. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसचं, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीचं, सुवर्ण त्याच्या हातून ०.०५ सेकंदानं गेलं, पुढच्या वर्षी आशियाई स्पर्धेत त्यानं ते मिळवलं. लोक पदक सांगतात. मी त्याच्या आधीचं सांगेन. बारावीनंतर तो सैन्यात गेला, सियाचीनला राहिला, आणि स्पर्धेतलं धावणं त्यानंतर सुरू झालं. म्हणजे खोलीत एकटं बसून नाही, पलटणीतल्या माणसांमध्ये.

पुढं शिकावंसं वाटलं तर यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे. नाशिकला मुख्यालय, पण अभ्यासकेंद्रं मराठवाड्यातही आहेत, घर सांभाळून पदवी घेता येते. मात्र यंदा नको. आधी ओट्यावरची तीन मुलं तीन महिने टिकू देत.

आणखी एक विचारायचं आहे. झोप लागते ना? भूक आहे ना? दोन आठवडे सलग झोप-भूक गेली असेल, रडू येत असेल किंवा जगणंच नको वाटत असेल, तर हे अंगावर काढू नकोस. मग ओटा, ओव्या सगळं नंतर. आधी डॉक्टरांना दाखव, किंवा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर फोन कर. रात्री-अपरात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं. मालकांना किंवा सासूबाईंना सोबत ने. मला वाटतं, सासूबाई आनंदानं येतील. त्या रोज तुला हरिपाठाला सोबत नेतात, ते काही उगाच नाही.

पंधरा दिवसांनी लिही. मुलं किती आली ते नको, कोणतं पोर कोणत्या अक्षरावर अडतं ते लिही, मग आपण दोघी मिळून बघू.

– तुझी मावशी