अमेरिकेत सहावी ते आठवीच्या इंग्रजीत मुलं नेमकं काय शिकतात?

व्याकरण, शब्दसंग्रह असतोच, पण खरा भर पुराव्यावर. बऱ्याच राज्यांचे निकष २०१० च्या ‘कॉमन कोअर’वर, म्हणजे कुठल्या इयत्तेत काय यायला हवं याच्या सामायिक आराखड्यावर, आधारलेले आहेत. ‘मुलगा घाबरलाय’ एवढं लिहून भागत नाही. गोष्टीतलं कुठलं वाक्य तसं सांगतं, ते दाखवावं लागतं. सहावीत पुरावा द्यायचा, सातवीत एकापेक्षा जास्त, आठवीत त्यातला सर्वांत भक्कम निवडायचा. सातवीपासून मतप्रदर्शनाच्या निबंधात विरुद्ध बाजूचीही दखल घ्यायची असते. मला हा भाग फार मोलाचा वाटतो. शिवाय माहितीपर लेखन, कथालेखन, वर्गातली चर्चा आणि ग्रीक-लॅटिन मूळ शब्दांशांवरून शब्दांचा अर्थ उकलणं.

भारतातून नुकतं तिकडे गेलेलं मूल व्याकरणात सहसा अडत नाही, ‘तुला असं का वाटलं?’ इथे अडतं. घरी मराठी गोष्ट वाचतानाही हाच प्रश्न विचारत जा.