मागची पानं आधी

प्रिय मित्रा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. मी शेअर बाजारावर लिहायला कसा लागलो आणि वीस वर्षांसाठी शेअर घ्यायचा तर काय बघायचं, हे दोन्ही विचारलं आहेस. माझ्यापुरतं तरी त्यांचं उत्तर एकच आहे.

मी हिशेब तपासणीतून आलो. सुरुवातीची वर्षं दुसऱ्यांच्या खतावण्या तपासण्यात गेली. हातात पेन्सिल, समोर पावत्यांची चळत आणि प्रत्येक नोंदीला एकच प्रश्न: हा पैसा खरंच आला का? पुढे कंपन्यांवर लिहायला लागलो तरी त्या प्रश्नाने पाठ सोडली नाही. वार्षिक अहवाल मी अजूनही मागून उघडतो. आधी हिशेबाच्या टिपा, लेखापरीक्षकांचा अभिप्राय, मग रोख प्रवाह पत्रक, म्हणजे रोकड कुठून आली आणि कुठे गेली याचा तक्ता. अध्यक्षांचं निवेदन सगळ्यात शेवटी.

एकदा ही सवय मोडली आणि चांगलाच फटका बसला. एका कंपनीचा नफा चार वर्षं सलग वाढत होता. मी शेअर घेतले आणि 'लांब पल्ल्याची गुंतवणूक' म्हणून निर्धास्त झालो. भाव कोसळल्यावर जुने अहवाल काढून बसलो. चार वर्षांत विक्री दीडपट झाली होती, ग्राहकांकडची येणी मात्र चौपट! माल उधारीवर जात होता, नफा कागदावर जमा होत होता, हातात रोकड येत नव्हती आणि ती तूट भरायला दर वर्षी नवं कर्ज निघत होतं. हे सगळं त्या अहवालांत छापलेलं होतं. मी वाचलं नव्हतं, याचं दुःख पैसे गेल्यापेक्षा जास्त झालं.

म्हणून 'नुसतं थांबलं की पैसे होतातच' असं कुणी सांगितलं तर मला काळजी वाटते. जपानच्या मोठ्या कंपन्यांच्या शेअरभावांचा निक्केई निर्देशांक 29 डिसेंबर 1989 रोजी 38,915 वर बंद झाला. ती पातळी त्याने पुन्हा ओलांडली 22 फेब्रुवारी 2024 रोजी. चौतीस वर्षं! जपानी कंपन्या काही सगळ्या वाईट नव्हत्या. त्यांच्या कमाईच्या मानाने लोकांनी मोजलेला भाव अवाच्या सवा होता. ज्यांनी शिखरावर एकरकमी पैसे घातले त्यांचं आयुष्य वाट बघण्यात गेलं. पडत्या काळात थोडं थोडं घेत राहिलेले त्यांच्या कितीतरी आधी सावरले. चांगली कंपनीसुद्धा कोणत्या भावात घेतोस हे बघावंच लागतं.

कर्ज काढून शेअर घेऊ नकोस. भाव निम्म्यावर आला तर मूळ जागी यायला तो दुप्पट व्हावा लागतो, आणि तोवर सावकार थांबत नाही.

शेअर घेशील त्या दिवशी तो का घेतलास ते चार ओळींत लिहून ठेव. दर वर्षी नवा अहवाल आला की त्या ओळी शेजारी ठेवून वाच. कारण टिकून असेल तर भाव पडला तरी विकू नकोस. कारणच गेलं असेल तर तोटा सोसून बाहेर पड. मला हे जमायला फार वर्षं लागली.

तुझ्या यादीतली पहिली कंपनी घे. तिच्या पाच वर्षांच्या अहवालांतून निव्वळ नफा, कामकाजातून आलेली रोकड, येणी आणि कर्ज एवढे चारच आकडे एका कागदावर हाताने उतरव आणि मला पाठव. आपण मिळून वाचू.

तुझा,
एक जुना हिशेबनीस